देवीची उजवी बाजू

रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत अरुणाचा तीनदा चहा करून झाला होता आणि तिन्ही वेळा तो कपातच थंड झाला होता. मधल्या वेळात तिनं मसाल्याचा डबा घासला, मोज्यांचा खण आवरला, बाहेर जाऊन कचऱ्याचं निळं बिन उगाचच दोन फूट सरकवलं आणि परत जागेवर आणून ठेवलं. पायाला भिंगरी लावल्यासारखी बाई घरभर फिरत होती. तिचे यजमान, डॉक्टर मुरलीधर, सोफ्यावर पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं.

"अगं, बस की जरा. तुझ्याकडे बघून मला चक्कर यायला लागली."

"बसलेच आहे," असं उभ्याउभ्याच म्हणून ती वरच्या मजल्यावर निघून गेली.

तिला दुपारी बारापर्यंत एका मुलीला हो किंवा नाही कळवायचं होतं. एवढंच. पण हे एवढंच गेले दहा दिवस तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

ही मुलगी तैवानची. नाव शाओ-यू, वय असेल एकोणतीस-तीस. पाठीला सॅक लावून आणि हातात कॅमेरा घेऊन ती स्वतःच्याच देशात गावोगाव हिंडते आणि त्याचे व्हिडिओ टाकते. अरुणानं तिला प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नाही. पण गेली दोन वर्षं सकाळी उठल्यावर पहिलं तोंड बघते ते तिचं. नवऱ्याचं नंतर.

हे वेड लागलं रिटायर झाल्यावर. मिल्टन कीन्समधल्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, अरुणानं सव्वीस वर्षं रिसेप्शन सांभाळलं. सकाळी आठला फोन वाजायला लागायचे ते संध्याकाळी सहापर्यंत. ते एकदम थांबले आणि घर खायला उठलं. मुलगी तनया बर्मिंगहॅमला बँकेत. तिनं टीव्हीवर आपलं अकाउंट लावून दिलं होतं, त्यात एके दिवशी एक तैवानी मालिका सुरू झाली. समुद्रकाठच्या गावात सकाळच्या नाश्त्याचं दुकान चालवणारी एक मुलगी, तिचा तिरसट बाप आणि गाव सोडून गेलेला एक गिटारवाला. वीस भाग. अरुणानं चार दिवसांत संपवले आणि पाचव्या दिवशी पहिल्यापासून पुन्हा लावले. त्यात नवल एवढंच की त्या मुलीचं दुकान, तो दमट वारा, माशाचा बाजार, दाराशी आलेलं केळीचं पान, सगळं तिला तिच्या वेंगुर्ल्याकडच्या गावासारखं वाटत होतं आणि तरी तिथलं एक अक्षरही कळत नव्हतं. ओळखीचं आणि अनोळखी असं एकाच ताटात वाढलेलं तिनं आधी कधी खाल्लं नव्हतं.

मग काय, एक धरलं की दुसरं आलंच. तिथं कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि लोक पिशव्या घेऊन पळतात, हे बघून ती एवढी खूश झाली की मुरलीधरांना बळंच उठवून टीव्हीसमोर आणलं. तिथल्या स्टेशनांवर शिक्के ठेवलेले असतात आणि प्रवासी आपापल्या वहीत ते उमटवून घेतात. अरुणानं त्यासाठी एक वही आधीच घेऊन ठेवली, कोरी. फोनवर मँडरिन शिकायला लागली. पोळ्या लाटताना गाणी म्हणायला लागली. मुरलीधर म्हणाले, "घशात मांजर अडकलंय का?" तनयानं शॉपिंग सेंटरमधल्या दुकानात बबल टी पाजला तेव्हा ते पेल्याच्या तळाशी बसलेल्या गोळ्यांकडे वाकून बघत म्हणाले, "साबुदाणा उपासाला खातात, चहात नाही."

गावातल्या मराठी मंडळातल्या बायकांची आणखी तऱ्हा. तैवान म्हटलं की त्या म्हणायच्या, "अय्या, आम्ही पण जाऊन आलो ना! बँकॉक, पटाया!" अरुणानं सहा महिने समजावून सांगितलं, मग नाद सोडला.

आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये शाओ-यूनं पालखीचा व्हिडिओ टाकला. तिथं मात्सू नावाची समुद्राची देवी आहे, कोळ्यांची, दर्यावर्दींची. तिची एक गुलाबी पालखी दर वर्षी निघते. लोक तिला लाडानं स्पोर्ट्स कार म्हणतात, एवढी पळते. आठ-नऊ दिवस चालते, मागे हजारो माणसं. आणि गंमत अशी की पालखीचा मार्ग ठरलेला नसतो. देवी खांद्यावर बसून ज्या बाजूला ओढेल तिकडं भोई वळतात. कधी शाळेत शिरते, कधी दवाखान्याच्या दारात उभी राहते, कधी चौकात तीन वेळा गरकन फिरते आणि आल्या वाटेनं परत जाते. मागची हजारो माणसंही मुकाट वळतात. कुणी विचारत नाही, बाई, नक्की कुठं?

अरुणानं तो व्हिडिओ बघितला आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. शिमग्याला गावची पालखी खांद्यावरच्या माणसांना अशीच ओढत न्यायची. पण ती घटकाभर, आणि देवळाच्या आवारात. ही तर देशभर सुटली होती. एकसष्ट वर्षांत अरुणा कधी, कुठं, किती वाजता पोचणार हे माहीत नसताना घराबाहेर पडली नव्हती.

कशी पडणार? तिचे प्रवास मुरलीधरांबरोबर व्हायचे, आणि मुरलीधर जन्मभर भूलतज्ज्ञ. सगळं मिनिटावर. त्यांच्याबरोबरची सहल म्हणजे हॉस्पिटलातला राऊंडच. स्वित्झर्लंडला गेले तेव्हा अकरा वीसला बर्फ, अकरा पन्नासला सँडविच, बारा दहाला टॉयलेट असं लिहिलेला कागद त्यांच्या खिशात होता. माणूस वाईट नाही हो. थर्मास तेच उचलणार, औषधं तेच बघणार, तिच्या खांद्यावरची पर्ससुद्धा तेच घेणार. पण त्या आठ दिवसांतलं अरुणाला विचाराल तर थर्मास आठवतो, डोंगर आठवत नाही.

अरुणा तिच्या प्रत्येक व्हिडिओखाली दोन ओळी लिहायची. आता दहा दिवसांपूर्वी शाओ-यूनं तिला लिहिलं होतं, यंदा परदेशातल्या आठ प्रेक्षकांना मी बरोबर नेणार. दोन दिवस पालखीमागे चालायचं. तुम्ही येणार का, आंटी? जागा एकच उरली आहे, रविवारी तुमच्या दुपारी बारापर्यंत धरून ठेवते.

तनयाला तिनं शनिवारी फोन केला होता. "आई, जा ना तू! माझा सगळा फ्रेंड्स एकटे ट्रॅव्हल करतात," तनया तिच्या इंग्लंडी मराठीत म्हणाली. "बाबा राहील ना घरी. तो काय बाळ आहे का?"

सोपं होतं तिला. अरुणाची अडचण मुरलीधर नव्हते. अडचण अशी होती की अरुणानं जन्मात कुठलीही मोठी गोष्ट कौल लावल्याशिवाय केली नव्हती.

कौल म्हणजे गावच्या माउलीला विचारायचं. देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मिल्टन कीन्सचं घर घेताना, तनयाच्या शाळेच्या वेळी, स्वतःच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या आधी, दर वेळी तिनं गावी भावाला फोन केला आणि गिरीशनं देवळात जाऊन गुरवाकडून कौल लावून घेतला, पुढे पुढे स्वतः लावला. मुरलीधर हसायचे. पण त्यांचं लग्नसुद्धा कौलातूनच झालं होतं, त्यामुळे फार हसता यायचं नाही.

ते वर्ष अठ्ठ्याऐंशी. अरुणा तेवीस वर्षांची. पर्यटन खात्यात गाईड म्हणून तिची निवड झाली होती. अजिंठा-वेरूळला पोस्टिंग, वर जपानी शिकवणार होते. त्याच आठवड्यात इंग्लंडहून आलेल्या डॉक्टरचं स्थळ आलं. मुलगा नऊ दिवसांनी परत जाणार. अरुणाचे बाबा उभा जन्म मुंबईत नोकरी केलेले, गावाला फक्त मे महिन्यात येणारे. ते म्हणाले, देवीला विचारू. उजवी पडली तर लग्न, डावी पडली तर नोकरी. त्या दिवशी गुरव तापानं फणफणलेला. बाबांनी स्वतःच पाकळ्या लावल्या. अरुणा शेजारीच हात जोडून उभी होती. तिला आजही दिसतं, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला कमरेएवढी पितळी समई. बराच वेळ काहीच हललं नाही. मग समईच्या बाजूची पाकळी सुटली. "उजवी!" बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. अरुणानंही पुसले. तिचे कशासाठी होते ते कुणी विचारलं नाही.

तर अशी ही अरुणा आता रविवारी दहा वाजता डायनिंग रूममधल्या देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसली होती आणि तिच्या हातात दोन लाल लाकडी तुकडे होते. काजूगर सोलून त्याच्या दोन फाका केल्या की जशा दिसतात तसे, पण तळहाताएवढे. एका बाजूनं सपाट, एका बाजूनं फुगीर. तैवानातल्या देवळांत लोक देवाला विचारायला हे टाकतात. पालखी कुठल्या दिवशी निघणार तेसुद्धा हेच टाकून ठरतं. तिनं ते महिन्यापूर्वी ऑनलाइन मागवले होते, हौसेनं. आज गरज पडली.

सकाळी नाश्त्याला तिनं मुरलीधरांना सगळं समजावून सांगितलं होतं. "हे बघा, एक उताणा आणि एक पालथा पडला की देवी हो म्हणाली. दोन्ही पालथे पडले तर नाही. आणि दोन्ही उताणे, सपाट बाजू वर, असे पडले तर देवी हसली."

"हं, हं," मुरलीधर म्हणाले होते. "सहा अक्षरी शब्द सांग, शेवटी त."

आता तिनं डोळे मिटले. कुणाला विचारायचं हा प्रश्न होताच. माउलीला विचारायचं तर तुकडे परक्या देवीचे. पण दोघी समुद्राकाठच्या, बहिणीच असणार. जाऊ का, असं मनात म्हणून तिनं तुकडे टाकले.

दोन्ही उताणे.

तिनं उचलून पुन्हा टाकले. दोन्ही उताणे. तिसऱ्यांदा जरा उंचावरून टाकले, एक टेबलाखाली गडगडत गेला. तिनं वाकून बघितलं. उताणा. दुसराही उताणा.

"काय म्हणते तुझी चायनीज देवी?" सोफ्यावरून आवाज आला.

"हसतेय."

"मग बरोबर आहे. मलाही हसूच येतंय."

अरुणा अशी भडकली की काही विचारू नका. रागानं तिचे कान तापले. माउली अडतीस वर्षांत कधी हसली नव्हती. हो म्हणायची, नाही म्हणायची, मोकळं करायची. तिनं घड्याळ बघितलं, साडेदहा होऊन गेले होते. गावी चार वाजले असतील. तिनं फोन उचलला आणि गिरीशला व्हिडिओ कॉल लावला.

गिरीश तिच्याहून दोन वर्षांनी लहान, आता देवस्थानच्या समितीत. "काय गो ताई? रविवारचा कौल?" त्यानं हसत विचारलं. त्याला सवय होती. "थांब, देवळातच आहे मी. रंगकाम चाललंय ते बघायला आलोय. तुला दाखवतोच आज, आता नेट चांगलं येतं हय."

म्हणजे पहिल्यांदाच अरुणा स्वतः बघणार होती. अठ्ठ्याऐंशीनंतर पहिल्यांदा. गिरीशनं फोन खांबाला टेकवून ठेवला आणि गाभारा दिसायला लागला. माउली तशीच होती. चांदीचे डोळे, हिरवं लुगडं. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला ती समई.  गिरीशनं गाऱ्हाणं घातलं, अगदी रीतसर, बा देवी महाराजा, तुझी लेक परमुलखात आहे, तिला आणखी परमुलखात जायचं आहे, उजवी दिलीस तर जाईल, डावी दिलीस तर राहील. त्यानं पाकळ्या लावल्या आणि बाजूला झाला.

अरुणा श्वास रोखून बसली. मुरलीधर शब्दकोडं हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले होते ते तिला कळलंही नाही. पाच मिनिटं गेली. सात गेली. मग समईच्या बाजूची पाकळी हळूच सुटली आणि खाली आली.

"उजवी!" अरुणा लहान मुलीसारखी किंचाळली. "गिरीश, उजवी पडली! जा म्हणाली!"

गिरीश पुढे आला, वाकून बघितलं. "नाही गो ताई. ही डावी."

"डावी कशी? मला दिसतंय ना इथून. समईकडची पडली."

"समईकडची म्हणजे डावीच. आपली उजवी नाही बघायची, देवीची बघायची. ती आपल्याकडं तोंड करून उभी आहे ना? तिचा उजवा हात खिडकीकडं." तो नेहमीच्या सरावानं बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

 आधी अरुणाला नुसती नकाराचीच टोचणी लागली. नाही म्हणाली. संपलं. मग तिची नजर पुन्हा समईवर गेली आणि तिथंच अडकून राहिली.

"गिरीश," ती म्हणाली, "ही समई कधी हलवली होती का रे?"

"नाही."

"कधीच?"

"आजोबांच्या वेळेपासून तिथंच आहे ती. उचलायला चार माणसं लागतात."

"माझ्या लग्नाच्या कौलाला समईकडचीच पाकळी पडली होती. मी बघितली आहे. बाबा उजवी म्हणाले."

फोनवर मागे कुठंतरी रंगाऱ्यानं डबा आपटल्याचा आवाज आला. गिरीश कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाला होता, नुसता खांदा दिसत होता.

"तुला माहीत होतं," अरुणा म्हणाली.

"नंतर कळलं गो. नव्व्याण्णव साली. धोंडू गुरवानं मला कौल लावायला शिकवलं तेव्हा. बाबा मुंबईचे, त्यांना कुठं ठाऊक असणार. त्यांनी आपली उजवी धरली." त्याचा आवाज बारीक झाला. "तेव्हा तनया शाळेत जायला लागली होती. काय सांगणार होतो मी तुला? ताई, देवीनं तुला नोकरी दिली होती, तू चुकून लग्न केलंस?"

"सांगायचं होतंस!"

"सांगून काय झालं असतं?"

काहीच झालं नसतं, आणि हेच तिला सहन होईना. तिला हसू फुटलं आणि रडूही फुटलं. अडतीस वर्षं! एवढी वर्षं तिनं सर्जरीत लोकांच्या शिव्या खाताना, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडताना, दर वेळी मनाला सांगितलं होतं, देवीनंच पाठवलंय, तक्रार नाही करायची. आणि देवी तिकडे ओरडून सांगत होती, जा गं बाई वेरूळला, जपानी शीक, लोकांना लेणी दाखव. बाबा समोर उभे राहून भलत्याच बाजूला बघत होते. बाबांवर चिडावं तर ते जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांनी लबाडी केली नव्हती. त्यांना बाजू माहीत नव्हती.

"ताई, आजचा कौल मात्र राहा असाच आहे हं," गिरीश चाचरत म्हणाला.

अरुणानं नाक पुसलं. "आजचा असू दे. आधीचा पाळायचा राहिलाय, आधी तो पाळते. जा म्हणाली होती ना? मग जाते. आजचा नंतर बघू. तिला सांग रांगेत थांब म्हणावं."

"असं चालतं का गो?"

"तुला विचारलंय का मी?" म्हणून तिनं फोन ठेवला. एकसष्ट वर्षांत ती हे वाक्य पहिल्यांदा कुणाला म्हणाली असेल.

ती वळली तर दारात मुरलीधर. त्यांच्या हातातलं पेन कधीच खाली पडलं होतं.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी डावा कौल."

"तुम्ही ऐकत होता?"

"ऐकायला येत होतं." ते खुर्ची ओढून बसले. "अडतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, हिच्या देवीनं मला पसंत केलं म्हणून. इस्पितळातसुद्धा सांगायचो. गोऱ्या लोकांना फार आवडायचं ते."

अरुणाला त्या क्षणी त्यांची दया आली, खरंच आली. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकून मिळालात," ती म्हणाली. "पण वाईट नाही मिळालात."

ते थोडं हसले. उठून मागच्या बागेत गेले, मफलर न घेता, आणि कुंपणाशी पाठमोरे उभे राहिले. अरुणा खिडकीतून बघत राहिली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली. तिनं फोन हातात घेतला, ठेवला, घेतला. मेसेज लिहिला, पुसला. आता जायचं पक्कं होतं तरी जीव थाऱ्यावर येईना. कपाटातून ती कोरी वही काढून तिनं टेबलावर ठेवली, मग उचलून पर्समध्ये टाकली.

मुरलीधर आत आले ते गार नाक घेऊन आणि काहीतरी ठरवून.

"मी पण येतो," ते म्हणाले.

अरुणानं पर्स बंद केली. "कुठं?"

"तुझ्या तैवानला. दोन दिवसच चालायचंय ना? गुडघ्याला ब्रेस लावीन. त्या मुलीला म्हणावं, माणूस एक वाढला, सोय कर. आणि विचार, सकाळी किती वाजता निघणार, मधले थांबे कुठले, टॉयलेट दर किती मैलांवर. मी शीट करून ठेवतो."

"अहो, मार्गच ठरलेला नसतो."

"असं कसं? कुणीतरी ठरवत असेलच की. तुला माहीत नसेल."

"देवी ठरवते. त्या त्या वेळी."

"बरं, मग साधारण अंदाज," मुरलीधर म्हणाले आणि खिशातलं पेन शोधायला लागले.

अरुणाला डोळ्यांसमोर दिसलं. गुलाबी पालखी चौकात गरकन वळतेय, हजारो माणसं वळताहेत, आणि मुरलीधर हातात कागद घेऊन म्हणताहेत, अगं, असं नव्हतं ठरलं, तू आधी पाणी पी. तिला तोंडावर नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं, एखाद्या दुसऱ्या दिवशी. पण आत्ताच या माणसाला कळलं होतं की तो चुकीची पाकळी आहे. आज त्याला नाही कसं म्हणायचं?

"तुमचा गुडघा..." ती म्हणाली.

"तुला मी नकोय का?"

"तसं नाही हो."

"मग विचार तुझ्या देवीला. नाहीतर थांब, मीच विचारतो. माझं मलाच विचारू दे या खेपेला."

आणि खरोखरच मुरलीधर, ज्यांनी गणपतीतसुद्धा आरतीला मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, ते टेबलाचा कोपरा धरून देव्हाऱ्यासमोर गुडघ्यावर बसले. गुडघा कटकन वाजला. त्यांनी ते लाल तुकडे दोन्ही हातांत धरले, डोळे घट्ट मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, इंजेक्शन देण्याआधी पेशंटला नाव विचारतात तशा आवाजात, "मी मुरलीधर. हिच्याबरोबर येऊ का? मला घरात एकट्याला करमत नाही. तिला सांगितलेलं नाही कधी."

तुकडे पडले. एक देव्हाऱ्याच्या पायाशी, एक गालिच्याच्या कडेला.

एक उताणा. एक पालथा.

मुरलीधरांनी डोळे उघडले. आधी एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. "हे काय? एक असा, एक तसा. जुळले नाहीत." त्यांनी मान वर करून अरुणाकडे बघितलं. "म्हणजे नाही, ना?"

भिंतीवरच्या घड्याळात बाराला आठ मिनिटं कमी होती. अरुणा तुकड्यांकडे बघत होती. सपाट बाजू वर, फुगीर बाजू वर. एवढा स्वच्छ होकार तिनं व्हिडिओतसुद्धा पाहिला नव्हता.

"नाही म्हणतेय," ती म्हणाली.

"हं."  मुरलीधर खुर्चीच्या आधारानं उठले. "बरोबरच आहे. तिलाही गुडघा माहीत असणार माझा." त्यांनी पँटवरची धूळ झटकली. "फ्रीजरमध्ये डबे करून ठेवशील ना? वर नावं घाल. आमटी कुठली, सांबार कुठलं, मला कळत नाही."

"घालते."

"चहा टाकतो. आता तरी बसून पी." आणि स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "साबुदाणा घालू का त्यात?"

अरुणानं फोन उचलला. येतेय, असं लिहिलं, आणि त्याच्यापुढे, एकटीच. मेसेज गेला. लगेच शाओ-यूचं उत्तर आलं, एक गुलाबी पालखी आणि सात-आठ हृदयं. अरुणाला एवढा आनंद झाला की छातीत दुखायला लागलं. नाचावंसं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हते.

खाली ते तुकडे अजून तसेच पडले होते, एक उताणा, एक पालथा. ती वाकली, हात पुढे केला, आणि मागे घेतला.

बाबांना निदान बाजू माहीत नव्हती.